बूट कोणी पुसायचा?

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 3 मध्ये 2015 च्या दुरुस्तीने दोन गोष्टी नव्याने आल्या. एक, कोणाच्या गळ्यात चपलांचा हार घालणे. दुसरी, कोणाला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालून वावरण्यास मज्जाव करणे. 26 जानेवारी 2016 पासून ही दोन्ही कृत्ये या कायद्याखाली गुन्हा ठरली. म्हणजे प्रजासत्ताकाची 66 वर्षे उलटल्यावर या देशाच्या संसदेला लिहावे लागले की माणसाने पायात जोडा घालावा, त्याला कोणी अडवू नये! आणि दुरुस्ती होऊन दहा वर्षे होत नाहीत तोच, 6 ऑक्टोबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने एका वकिलाने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. या देशात बूट ही केवळ पायात घालायची वस्तू कधीच नव्हती. कोणी घालायचा, कोणी बनवायचा, कोणी पुसायचा आणि कोणाच्या अंगावर फेकायचा, हे सारे ठरलेले होते.

म्हणून आज आम्ही चामड्याच्या चांगल्या बुटाची निगा कशी राखावी यावर लिहिणार आहोत. मोर्चे, आरक्षण, निवडणुका सोडून हे काय, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत 1901 सालचा एक प्रवास सांगितला आहे. वाचकांना तो ठाऊक आहे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली आणि त्यांचा पोशाख पाहून स्टेशनमास्तरने त्यांना ब्राह्मणाची मुले समजले. जात कळताच तो पाच पावले मागे सरला. पुढची बैलगाडीची आणि पाण्याची कहाणी आपण भाषणांतून सांगतो. पण त्या प्रवासासाठी मुद्दाम जे जे नवे करवून घेतले होते, त्यात टोप्या, सदरे, धोतरे यांच्यासोबत नवे बूटही होते, हा तपशील आपण सोडून देतो. रामजी सुभेदारांची नोकरी पलटणीतली. पलटणीत बूट चकचकीत नसेल तर शिक्षा होते, तिथे जात आडवी येत नाही. ज्या घरात ती शिस्त शिरली त्या घराने मुलांच्या पायांत बूट घातला, हा योगायोग नव्हे.

आज आमच्या समाजात वकील आहेत, डॉक्टर आहेत, प्राध्यापक, अधिकारी, अभियंते आहेत. बूट घरोघरी आला. बुटाची विद्या मात्र आली नाही, हे आम्हाला खेदाने नमूद करावे लागते. ज्यांच्या घरी तीन पिढ्या बूट आहेत त्यांना ती बापाकडून मिळते. आमच्या बहुतेकांचे वडील अनवाणी किंवा टायरच्या चपलेत गेले. त्यांनी ती कुठून द्यावी? मग पहिल्या पगाराचा, पहिल्या सनदेचा बूट आपण आणतो, रोज तोच घालतो, नाडी न सोडता टाच दाबून पाय कोंबतो, पावसात भिजला की उन्हात टाकतो आणि दीड वर्षात फेकून देतो. पैसा कष्टाचा असतो. तो असा जाऊ नये.

आधी खरेदीविषयी. 'अस्सल चामडे' या शिक्क्यावर जाऊ नये. कातड्याचा सर्वांत वरचा थर, ज्यावर जनावराच्या अंगावरची नैसर्गिक छिद्रे असतात, तो सर्वांत चिवट. त्याखालचा फाडून वेगळा केलेला थर दुबळा असतो. त्यावर प्लॅस्टिकचा लेप देऊन तो काचेसारखा चमकवतात आणि त्यालाही चामडेच म्हणतात. अंगठ्याने दाबून पाहा. चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि अंगठा काढताच मावळतात. लेपाचे चामडे एकतर ढिम्म राहते किंवा त्याला एकच जाड घडी पडते. अशा बुटाला कितीही महागडे पॉलिश लावा, ते आत जाणारच नाही.

मग बूट उलटा करून तळ पाहावा. स्वस्त बुटाचा तळ नुसता गोंदाने चिकटवलेला असतो. कडेला टाके दिसले तरी ते पुष्कळदा साच्यात उठवलेले खोटे टाके असतात, हे लक्षात ठेवा. खरा शिवलेला तळ मुख्यतः दोन प्रकारचा. अमेरिकेच्या लायमन ब्लेकने 1858 मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत वरचे चामडे, आतला तळ आणि बाहेरचा तळ एकाच टाक्याने शिवतात. बूट हलका होतो, पण पाणी टाक्यावाटे आत शिरते. 1870 च्या दशकात चार्ल्स गुडइयर ज्युनिअरने रूढ केलेल्या पद्धतीत बुटाभोवती चामड्याची एक पट्टी शिवतात, तिला वेल्ट म्हणतात, आणि बाहेरचा तळ त्या पट्टीला शिवतात. तळ झिजला की पट्टीचा टाका उसवून नवा तळ बसवता येतो, वरच्या चामड्याला धक्का लागत नाही. असा बूट महाग पडतो. पण नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे चालतो आणि त्या काळात चिकटवलेल्या बुटांचे पाच-सहा जोड कचऱ्यात गेलेले असतात. हिशेब ज्याचा त्याने करावा.

असे बूट विलायतेतच बनतात असा भ्रम नको. आग्रा, कानपूर, तमिळनाडूतील आंबूर आणि राणीपेट इथून चामडी बूट जगभर जातात. आग्र्याचा बूट जाटव कारागिरांच्या हातांनी उभा राहिला. त्याच आग्र्यात 18 मार्च 1956 रोजी बाबासाहेबांनी भाषण केले होते आणि त्याच वस्त्यांनी उत्तरेतली चळवळ पोसली. परदेशी नावाचा शिक्का मारून दुप्पट-तिप्पट भावात येणारा बूट आपल्याच माणसाने शिवलेला असू शकतो.

आता निगा. चामडे मेलेले असले तरी ते तंतूंचे विणकाम आहे, आणि कातडे कमावताना त्या तंतूंत तेल घातलेले असते. ते तेल आहे तोवर चामडे वाकते. ते गेले की तडकते. एकदा तडकलेले चामडे जगातला कोणताही कारागीर सांधू शकत नाही. निगेचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात.

एकच जोड सलग दोन दिवस घालू नये. दिवसभरात पायाचा घाम आतल्या तळात मुरतो, तो सुकायला पुरा एक दिवस लागतो. दोन साधे जोड आलटून पालटून वापरले तर ते एकापाठोपाठ एक वापरलेल्या दोन जोडांपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. बूट काढल्यावर तो कोमट असतानाच आत लाकडी फर्मा घालावा; रंगरोगण नसलेले लाकूड ओल शोषते आणि बोटांपाशी पडलेल्या घड्या ताणून धरते. फर्मा परवडत नसेल तर जुन्या वर्तमानपत्राचे बोळे चालतात. (आमचे हेच वर्तमानपत्र वापरले तरी हरकत नाही, वाचून झाल्यावर.) घालताना नाड्या पुऱ्या सोडाव्यात आणि शूहॉर्नने टाच आत सरकवावी. बुटाच्या मागच्या बाजूला आत कडक पट्टी असते, ती एकदा मोडली की बूट चपलेसारखा फटफट वाजतो. शूहॉर्न नसेल तर पितळी चमच्याची पाठ लावा, पण टाच दाबू नका.

रोज संध्याकाळी घोड्याच्या केसांच्या ब्रशने धूळ झटकावी. एवढे एकच काम नेमाने केले तरी अर्धी निगा झाली, कारण धुळीचे कण घड्यांत बसून पाऊल टाकताना कानशीसारखे घासतात. प्लॅस्टिकच्या केसांचा ब्रश मात्र नको, तो ओरखडे काढतो.

आठ-दहा वेळा घातल्यावर क्रीम. क्रीम आणि मेणाचे पॉलिश यांत आपले लोक फरक करत नाहीत. क्रीम चामड्याच्या आत जाऊन त्याला ओलावा आणि रंग देते. डबीतले घट्ट पॉलिश मुख्यतः मेणाचे असते. ते वर बसते, चमक देते, पाणी थोपवते, पण पोषण फारसे करत नाही. नुसतेच मेण थरावर थर चढवत गेले तर बूट वरून चमकतो आणि आतून कोरडा होत जातो. म्हणून आधी क्रीम, मग मेण. जुन्या सुती बनियनचा तुकडा दोन बोटांना गुंडाळावा, वाटाण्याएवढे क्रीम घ्यावे आणि गोल गोल फिरवत लावावे. दहा मिनिटे थांबावे. ब्रश मारावा. मग मेण, तेही नखावर मावेल इतकेच. पुष्कळ लावले की पुष्कळ चमकते हा समज सोडा. जीभ, नाड्यांच्या खालची जागा आणि तळाच्या कडेची पट्टी विसरू नये. तडा बहुधा तिथूनच सुरू होतो.

आणि ती स्पंज लावलेली बाटली! एका मिनिटात चमक देणारी. तिच्यातला द्रव सुकून चामड्यावर पापुद्रा धरतो, चालताना तो पापुद्रा तडकतो आणि त्याखाली क्रीम शिरू देत नाही. मुलाखतीच्या दिवशी दारात उभे राहून एकदा लावलीत तर गोष्ट वेगळी. रोजची सवय केलीत तर बुटाचे आयुष्य निम्मे झाले म्हणून समजा.

पावसाळा हा बुटाचा खरा वैरी. भिजलेला बूट उन्हात, चुलीजवळ, इस्त्रीखाली किंवा केस सुकवायच्या यंत्रासमोर कधीही ठेवू नये. पाणी घाईने निघून जाते, तंतू आक्रसतात आणि चामडे कडक होऊन तडकते. आधी चिखल ओल्या फडक्याने पुसावा, नाड्या काढाव्यात, कागदाचे बोळे भरावेत, दोन तासांनी ते बदलावेत, आणि बूट कुशीवर आडवा ठेवावा म्हणजे तळालाही वारा लागतो. सावलीत, पंख्याखाली. दोन दिवस लागतील, लागू द्यावेत. पूर्ण सुकल्यावर क्रीम. खोबरेल चोपडण्याची पद्धत आपल्याकडे आहे. कोल्हापुरी पायताणाला तेल मानवते, कारण ते बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले जाड चामडे असते. कोर्टात घालायच्या पातळ बुटाला तेल चोपडले तर तो ढिला पडतो आणि पुढे पॉलिश धरत नाही.

मुंबई-कोकणात बुटाला बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या बुटाला तर हमखास. कापडी पिशवीत, वारा लागेल असे ठेवावे. बुरशी दिसलीच तर बूट घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावा, मग सिरक्यात तेवढेच पाणी घालून त्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने आत-बाहेर पुसून सावलीत सुकवावा.

इथवर झाले तंत्र. खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. हे सारे करायचे कोणी?

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात चामडे कापणाऱ्याचे अन्न खाणाऱ्याचे यश जाते असे सांगितले आहे. ज्या धर्माला मृगाजिन चालते, व्याघ्रचर्म चालते, मंदिरातल्या मृदंगावर ताणलेले कातडे चालते, त्याला ते कातडे कमावणारा माणूस तेवढा चालत नाही! हा ढोंगीपणा नव्हे काय? पण ही मनोवृत्ती केवळ त्यांच्यातच राहिली असे समजण्याचे कारण नाही. आमचे अधिकारी झालेले बांधव घरी बूट काढतात आणि तो बायको किंवा मुलगी पुसते. कार्यालयात शिपाई पुसतो. विचारले तर म्हणतात, आम्ही ढोरे ओढणे सोडले, कातड्याला हात लावणे सोडले, आता पुन्हा ते काम कशाला? हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. 1927 साली महाडला मेलेली ढोरे ओढणे सोडा असे सांगितले गेले ते गावकीची सक्ती मोडण्यासाठी. जन्माने लादलेले काम नाकारणे वेगळे आणि स्वतःच्या पायातली वस्तू स्वतः स्वच्छ करणे वेगळे. पहिल्याने माणूस मुक्त होतो. दुसऱ्याला नकार देणारा मात्र आपल्या वाट्याची गुलामी दुसऱ्याच्या हातात देतो, एवढेच.

विनयपिटकातील चुल्लवग्गात, विहारात नव्याने येणाऱ्या भिक्खूने कसे वागावे याचे नियम आहेत. त्यात वहाणांचा नियम आहे. भिक्खूने वहाणा पुसण्याचे फडके कुठे आहे ते विचारावे, आधी कोरड्या फडक्याने वहाणा पुसाव्यात, मग ओल्या फडक्याने, आणि नंतर ते फडके धुऊन बाजूला ठेवावे. आधी कोरडे, मग ओले: आजचा कुशल कारागीरही हाच क्रम सांगेल, कारण आधी ओले फिरवले तर धुळीचा चिखल होऊन तो शिवणीत बसतो. पण आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की नियम सर्वांना एकच आहे. शाक्य राजपुत्र संघात आला तरी आपल्या वहाणा त्यानेच पुसायच्या. त्याच्या आधी दीक्षा मिळालेला उपाली न्हावी त्याला ज्येष्ठ, आणि उपालीच्या वहाणा उपालीने पुसायच्या. फडके धुण्याचे कामसुद्धा दुसऱ्यावर ढकललेले नाही.

मग पॉलिशवाल्याने काय करावे, उपाशी मरावे काय? असा प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या लोकल स्थानकांवर ब्रशने पेटी वाजवत बसणारा माणूस आपले पोट भरतो आणि त्याच्याकडून पॉलिश करून घेण्यात आम्हाला काही गैर वाटत नाही. गैर वाटतो तो त्याच्या पेटीवर ठेवलेला पाय. आपण उभे, तो बसलेला, आपला पाय त्याच्या छातीसमोर, आणि आपली नजर मोबाइलवर. बूट काढून त्याच्या हातात द्यावा. त्याच्याजवळ घालायला चप्पल नसेल तर पाच मिनिटे मोज्यांवर उभे राहावे. कामाच्या दृष्टीनेही हेच बरोबर आहे, कारण पायातल्या बुटाची जीभ, आतली कड आणि टाचेची मागची शिवण कोणालाच नीट पुसता येत नाही. पैसे देताना घासाघीस नको. कोर्टफीच्या तिकिटावर आपण घासाघीस करतो काय?

आणि काही कामे अशी आहेत की ती आपण करूच नयेत. टाच बाहेरच्या कडेने झिजू लागली की लगेच गटई कामगाराकडे जावे. झीज रबरापर्यंत आहे तोवर काम किरकोळ असते. ती वरच्या चामड्याच्या थरांत शिरली की पुरी टाच बदलावी लागते आणि तोवर चाल बिघडून गुडघे दुखू लागतात. उसवलेला टाका त्याच दिवशी घालून घ्यावा. नव्या बुटाच्या टोकाला छोटी नाल ठोकून घ्यावी. आरीने भोक पाडून दोन बाजूंनी दोन दोरे ओढणारा तो हात पाहा. तो टाका यंत्राच्या टाक्यापेक्षा चिवट असतो, कारण एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो. ही विद्या आहे. तिला कॉलेज नाही, प्रमाणपत्र नाही, म्हणून ती विद्या नव्हे असे मानणे ही आमच्या शिक्षितांची नवी सनातनी वृत्ती होय.

या विद्येची आज काय अवस्था आहे? 2015 मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली, आणि चामड्यावर जगणाऱ्यांची आधीच आखूड असलेली भाकरी आणखी आखूड झाली. 2016 च्या जुलैत उनाला मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्यांना भर रस्त्यात फटकावले गेले. संत रोहिदासांच्या नावाचे महामंडळ 1974 पासून आहे, गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची शासनाची योजना आहे. पण स्टॉल मिळाला तरी तो ठेवायचा कुठे? फुटपाथवर ठेवला की अतिक्रमण विरोधी पथकाची गाडी दारात.

इथे आमच्या वकील बंधू-भगिनींना काम आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात पथविक्रेता म्हणजे केवळ भाजी-फळे विकणारा नव्हे; रस्त्यावर बसून लोकांना सेवा देणाराही त्यात येतो. म्हणजे बूट शिवणारा येतो, पॉलिश करणारा येतो. याच कायद्याच्या कलम 3 प्रमाणे, सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही जागेवरून हटवता येत नाही. आमच्या न्यायालयांच्या फाटकाबाहेर बसणाऱ्या किती गटई कामगारांना हे कोणी सांगितले आहे? ज्यांच्या हाताने आमचे बूट न्यायाधीशांसमोर उभे राहण्याजोगे होतात, त्यांची पेटी उचलून नेली जाते तेव्हा आम्ही गाऊन सावरत बाजूने निघून जातो.

प्रत्येक वकील संघातील आमच्या सभासदांनी या महिन्यात आपल्या फाटकाबाहेरच्या गटई कामगारांची यादी करावी, नगर पथविक्रेता समितीकडे त्यांच्या नोंदणीचे अर्ज लिहून द्यावेत आणि त्याची फी घेऊ नये. जाताना आपला बूट तेवढा सोबत न्यावा. टाच झिजलेली असेलच.